चौथ्या प्रकरणातली सातवी ओळ

७ सप्टेंबर, गुरुवार

विभागप्रमुखांनी आज बीजगणिताचा सेमिनार माझ्या गळ्यात घातला. अकरा वर्षं तो चालवणारे सहकारी संगणकाच्या नव्या अभ्यासक्रमाकडे गेले आणि जाताना माझं नाव सुचवून गेले. "तुमच्याइतकं काटेकोर इथे आहे कोण?" प्रमुख म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, ते जिना उतरेपर्यंत ठरेना. घरी पोचले तरी ठरलं नाही.

काम तसं किरकोळ आहे. दर गुरुवारी तीन वाजता दुसऱ्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली मोकळी ठेवून घ्यायची, वक्ता ठरवायचा, सूचना लावायची, खडू आणायचे, चहा सांगायचा. खुर्च्या बावीस आहेत, माणसं नऊ येतात. पहिल्या रांगेत खिडकीशी मोठे सर बसतात. हा सेमिनार त्यांनीच सुरू केला, माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली झाला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गुरुवार चुकवत नाहीत.

त्यांचे तीन नियम आहेत. फक्त खडू आणि फळा. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही "थांबा" म्हटलं की वक्त्याने थांबायचं आणि शंका फिटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि शंका खोलीतच विचारायची. व्हरांड्यात विचारलेली शंका म्हणजे कुजबुज, ती धरायची नाही. अलीकडे हे सगळं सैल झालं होतं. मी नियम नव्याने टाइप केले, तिसरा ठळक केला आणि दाराला चिकटवले.

या सत्रातला महत्त्वाचा दिवस २६ ऑक्टोबर. त्या दिवशी धाकट्या मॅडम बोलणार. (मी थोरल्या मॅडम. शिपायाने पाडलेली नावं, आता सगळेच वापरतात.) धाकटीची दोन वर्षांची परीक्षाधीन मुदत नोव्हेंबरअखेर संपते. समिती बाहेरच्या तज्ज्ञांसह सेमिनारला बसेल, संयोजकाचा, म्हणजे माझा, लेखी अभिप्राय पाहील आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवेल. तिचं प्रमेय चांगलं आहे, रिंग नावाच्या बीजगणितातल्या संचांविषयीचं. आणि ते ज्या लेमावर, म्हणजे मधल्या पायरीवर, उभं आहे तो लेमा माझा आहे. सोळा वर्षांपूर्वीचा माझा प्रबंध, चौथं प्रकरण. हे लिहिताना मला बरं वाटतंय. बरं वाटतंय हे लिहून ठेवते, म्हणजे निदान लपवलं असं होणार नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

दुपारी धाकटी माझ्या खोलीत आली. हातात ग्रंथालयातली माझ्या प्रबंधाची प्रत, कागदाच्या चिठ्ठ्या घालून अगदी साळिंदर केलेली. मला भरून आलं. त्या प्रतीवर आजवर तीन तारखांचे शिक्के आहेत आणि त्यातला एक माझाच.

"मॅडम, चौथ्या प्रकरणात रिंग कुठली धरली आहे?"

"कोणतीही. सुरुवातीलाच लिहिलंय."

"हो, ते वाचलं. पण मग सातव्या ओळीत..."

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, शंका असेल तर गुरुवारी खोलीत विचारा. आजच इथे उत्तर दिलं तर दाराला नियम कशाला लावले?

"सगळ्यांसमोर?"

"मग कोणासमोर?"

ती थोडा वेळ उभी राहिली. बसा म्हणायचं राहूनच गेलं, हे आत्ता लक्षात येतंय. जाताना "बरं, मॅडम" म्हणाली. मला वाटतं मी बरोबरच केलं. एकीसाठी नियम वाकवला की दुसऱ्याला काय सांगणार?

२१ सप्टेंबर, गुरुवार

सत्रातला पहिला सेमिनार नीट पार पडला. वक्त्याला दोनदा "थांबा" मिळालं, एकदा माझ्याकडूनच. धाकटी शेवटच्या रांगेत होती. व्याख्यान संपल्यावर "आणखी कोणाच्या शंका? कशावरही?" असं मी मुद्दाम तिच्याकडे बघून विचारलं. तिचा हात अर्धा वर गेला आणि मग तिने कानामागचे केस सारखे केले. तिला आवाज फुटत नाही. असा स्वभाव शिकवण्याच्या कामात कसा चालायचा?

जिन्यात मोठ्या सरांनी कठड्याला धरून विचारलं, "अगं, तुझा प्रबंध हल्ली उघडून पाहिलास का?"

"नाही सर. स्वतःचं जुनं लिखाण वाचायला धीर लागतो."

ते हसले नाहीत. "लागतो खरा," म्हणाले आणि एक एक पायरी उतरत गेले. म्हातारपणी माणसाला जुने दिवस आठवतात, तसंच असेल.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

धाकटी दोन विनंत्या घेऊन आली. व्याख्यान दोन आठवडे पुढे ढकलता येईल का? नाहीतर निदान शीर्षकातून "सर्व रिंगांसाठी" हे शब्द काढता येतील का?

दोन्हींना मी नाही म्हटलं. सारांश जुलैतच बाहेरच्या तज्ज्ञांकडे गेला आहे, त्यांनी तारीख राखून ठेवली आहे. कारण विचारलं तर "काही तांत्रिक" म्हणाली. मी म्हटलं, "तयारी झाली नसेल तर तसं सांगा. त्यात लाज कसली?" ती माझ्या टेबलावरच्या पेन ठेवायच्या डब्याकडे बघत राहिली.

जेवताना हे घरी सांगितलं. नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवरून रोग ओळखायची सवय असल्यामुळे त्याला वाटतं की न पाहिलेल्या माणसाचाही ओळखता येतो. "तिला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

मुलगी सतरा वर्षांची आहे, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "बाबा, काहीतरी काय? ती आईला घाबरते. मीसुद्धा घाबरते. आई रागवत नाही ना, तेच तर भयंकर आहे. ती नुसतं ‘असं का वाटलं तुला?’ विचारते."

"असं का वाटलं तुला?" मी विचारलं.

दोघंही एवढी हसली की मला उठून पाणी आणावं लागलं.

८ ऑक्टोबर, रविवार

समितीतल्या दोघांचा विषय बीजगणित नाही. त्यांच्यासाठी एक पानी टिपण करावं, त्यात लेमाची सिद्धता थोडक्यात द्यावी, असं सकाळी मनात आलं. जेवणं झाल्यावर प्रबंध काढून बसले. मुलगी शेजारी अभ्यास करत होती.

सातव्या ओळीवर थांबले.

आधी वाटलं आपण थकलोय. चहा केला. परत बसले. मग प्रबंधाचं दुसरं प्रकरण काढलं, तेव्हा सगळं दिसलं.

इथे साध्या शब्दांत लिहिते, कारण साध्या शब्दांत लिहिलं की पळवाटा बंद होतात. रिंग म्हणजे असा संच, ज्यात बेरीज आणि गुणाकार करता येतात. पण गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलू शकतं. सातव्या ओळीत मी म्हटलंय की अ गुणिले ब बरोबर एक, म्हणून ब गुणिले अ बरोबर एक. दुसऱ्या प्रकरणात मी फक्त शिस्तीच्या रिंगा घेतल्या होत्या, ज्यांना विभागात आम्ही "शहाण्या रिंगा" म्हणतो. त्यांत हे खरं असतं. चौथ्या प्रकरणात ऐटीत लिहिलं, "आता कोणतीही रिंग घ्या." रिंग बदलली आणि सवय तीच ठेवली.

कोणत्याही रिंगेत हे खरं नसतं. न संपणारी खुर्च्यांची रांग आहे, प्रत्येकीवर माणूस आहे. सगळ्यांना एक खुर्ची पुढे सरकवा, मग एक खुर्ची मागे आणा, सगळे जागच्या जागी. आता आधी मागे सरकवा. पहिला माणूस रांगेबाहेर पडतो. नंतर सगळ्यांना पुढे नेलं तरी पहिली खुर्ची रिकामीच राहते. हे मी दरवर्षी नव्या वर्गाला शिकवते. खुर्च्या मांडून शिकवते.

"आई, काय झालं?" मुलीने विचारलं.

"चूक सापडली."

"कोणाची?"

मी "एका जुन्या प्रबंधात" असं सांगितलं. खोटं बोलले नाही. पण मी काय केलं ते मला माहीत आहे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस डागडुजी करून पाहिली, जमत नाही. शहाण्या रिंगांसाठी लेमा ठीक आहे, बाकीच्यांसाठी नाही. म्हणजे धाकटीचं प्रमेय अर्ध्याहून जास्त कोसळतं, आणि तिला याची कल्पनाही नाही! बिचारी आधीच इतकी घाबरलेली. सोळा दिवस राहिले असताना हे सांगितलं तर ती मोडून पडेल. न सांगावं तर तज्ज्ञ तिला समितीसमोर पकडतील. आणि त्यांच्याही लक्षात आलं नाही तर? तर ती कायम होईल, खोट्या प्रमेयावर, आणि मला बरं वाटेल. हा शेवटचा विचार मी केला. म्हणून लिहिला.

सांगायलाच हवं. परवा सांगते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं नाही. सेमिनारनंतर ती चहाच्या टेबलाशी मोठ्या सरांशी बोलत होती. मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली. मग सर म्हणाले, "चहात आज साखरच नाही." साखर होती.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

अभिप्राय द्यायचा आज शेवटचा दिवस. मसुदा गेल्या महिन्यातच तयार होता: काम मनापासून करतात, विद्यार्थ्यांना आवडतात, मात्र सेमिनारमध्ये शंका विचारत नाहीत, आत्मविश्वास वाढवण्यास वाव आहे. चार वाजेपर्यंत कागद समोर ठेवून बसले. यात खोटं काय आहे? एकही वाक्य खोटं नाही. सही केली आणि कार्यालयात दिला.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून उशाशी ठेवला. मग म्हणाला, "आमच्याकडे चुकीची बाटली गेली की आम्ही आधी फोन करतो. लाजायचं दुकान बंद झाल्यावर."

"तुझं सोपं आहे. औषध ताबडतोब मारतं."

"अगं, तिलाही मुदत दिलेलीच आहे की," तो म्हणाला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज ठरवूनच तिच्या खोलीवर गेले. दार उघडं होतं. ती फळ्यावर काहीतरी लिहीत होती. मला पाहताच डाव्या बाजूचं सगळं तिने घाईने हाताने पुसलं, बाही पांढरी होईपर्यंत. म्हणजे तयारी अजून कच्चीच आहे आणि ती मला दिसू नये एवढीच तिची धडपड. मी काय सांगायला आले होते आणि समोर काय होतं!

"मॅडम, काही बोलायचं होतं का?" ती म्हणाली. तिने खुर्चीवरची पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले नाही. "पन्नास मिनिटं आहेत. वेळ पाळा. तज्ज्ञांना गाडी गाठायची आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "बरं, मॅडम," म्हणाली.

व्हरांड्यात येऊन मी पाण्याच्या नळाशी उभी राहिले. तहान नव्हती.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

क्रमाने लिहिते.

अडीचलाच खोलीत गेले. फळा ओल्या फडक्याने पुसला, खडूंचे दोन डबे ठेवले. तीनला पाच कमी असताना समिती आली: प्रमुख, दुसऱ्या विभागांचे दोघं आणि बाहेरचे तज्ज्ञ. तज्ज्ञ बारीक, ताठ, मफलर न काढता बसलेले. एकूण माणसं एकोणीस. मोठे सर खिडकीशी. मी दाराजवळ, घड्याळ समोर ठेवून.

सोळा वर्षांत मी अनेकदा घाबरले आहे, पण दुसऱ्याच्या व्याख्यानाला अशी कधी नाही. ठरवलं होतं की ती लेमापर्यंत आली की मी "थांबा" म्हणायचं. संयोजकही म्हणू शकतो. म्हणायचं आणि उभं राहून सांगायचं.

तिने सुरुवात छान केली. आवाज बारीक, पण अक्षर मोठं. पंधराव्या मिनिटाला तिने प्रमेय लिहिलं: "समजा ही शहाणी रिंग आहे." तिने अट घातली होती! पुढे माझा लेमा आलाच नाही. शहाण्या रिंगांसाठी तिने वेगळी, लांबची वाट काढली होती, आठ पायऱ्यांची, प्रत्येक पायरी पक्की. कुठेही "थांबा" म्हणायला जागा नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दैवानेच तिला सुरक्षित वाट सुचवली, असं मनात आलं.

शेवटी तज्ज्ञांनी मफलर सैल केला. "सारांशात ‘सर्व रिंगांसाठी’ असं होतं. इथे फक्त शहाण्यांसाठी. शहाण्यांसाठी हे निम्म्याहून अधिक आधीच माहीत आहे, नाही का?"

"हो, सर."

"मग बाकीच्या रिंगांचं काय झालं? तुमच्या विभागातल्याच एका लेमाने ते सहज मिळतं, असं तुम्ही लिहिलं होतं."

तिने हातातला खडू खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "माझी तयारी कमी पडली, सर."

प्रमुखांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आणि मोठे सर, ज्यांना उठायलाही हात द्यावा लागतो, त्यांनी आपली खुर्ची करकरत पूर्ण मागे वळवली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. नुसते बसले.

सगळ्यांनीच मग माझ्याकडे बघितलं, कारण सर बघत होते. मी उठले. तोंड उघडलं.

"वेळ झाली," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. गाडी गाठायची होती म्हणून तज्ज्ञांनी चहा घेतला नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी मोठ्या सरांच्या घरी गेले. त्यांनीच दार उघडलं आणि आत ये असंही न म्हणता खुर्चीकडे परत गेले.

"सर, तिला लेमाचं काहीच माहीत नव्हतं ना? नशिबानेच वाचली," मी म्हणाले. मला अजून तसंच वाटत होतं.

"नशिबाने?" ते म्हणाले. "अगं, ऑगस्टमध्ये आली ती माझ्याकडे. उलट उदाहरण घेऊन आली. रांगेचं. तुझ्याकडे जा म्हटलं तिला, आणि ती गेली. तू म्हणालीस, सगळ्यांसमोर विचार."

सप्टेंबरपासूनची पानं डोळ्यांसमोरून गेली. चिठ्ठ्या. अर्धा वर गेलेला हात. शीर्षकातले दोन शब्द. पुसलेला फळा. खुर्ची सरकवणं. मी इतकं बारकाईने सगळं लिहून ठेवलं आणि त्यातलं काहीच वाचलं नाही.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत मला?" माझा आवाज चढला. सरांपुढे आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुझा प्रबंध तपासला कोणी? पानोपान वाचला म्हणून सही कोणाची आहे?" मग म्हणाले, "चौथं प्रकरण मी चाळलं होतं फक्त. तुझ्यावर विश्वास होता."

मी खुर्चीच्या हातातली निघालेली वेताची काडी परत आत खोचत बसले.

"दोन म्हातारी माणसं आपण," ते म्हणाले, "आणि पुढे केलं त्या पोरीला."

मी अजून म्हातारी नाही, असं ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं.

३० ऑक्टोबर, सोमवार

समिती अकरा वाजता प्रमुखांच्या खोलीत बसणार होती. मी पावणेअकराला दारात उभी राहिले.

"मॅडम, याला कार्यपद्धती आहे," प्रमुख म्हणाले. "तुमचा अभिप्राय आलाय. आता काही असेल तर लेखी द्या. पुढच्या बैठकीत बघू."

"पुढच्या बैठकीत ती इथे नसेल."

तज्ज्ञ पडद्यावर होते. ते म्हणाले, "येऊ द्या त्यांना."

प्रमुखांच्या खोलीतला फळा पांढरा आहे आणि त्यावर पेन चालत नाही. तीन पेनं टाकली, चौथं फिकं उमटलं. त्या फिक्या हिरव्या रंगात मी सातवी ओळ लिहिली, खाली रांग काढली. चार मिनिटं लागली. सोळा वर्षांचं काम पुसायला चार मिनिटं पुरतात.

"ही चूक कोणाला सापडली?" तज्ज्ञांनी विचारलं.

"मला" म्हणता आलं असतं. आठ तारखेला मला सापडलीच होती. इतकं जवळचं सत्य होतं ते की जिभेवर आलं होतं.

"त्यांना. ऑगस्टमध्ये," मी म्हणाले. "त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. मला आठ ऑक्टोबरला दिसली. त्यानंतर मी गप्प बसले, आणि गप्प बसूनच तो अभिप्राय दिला. तो मी परत घेते."

दुसऱ्या विभागाचे गृहस्थ खोकले. प्रमुख म्हणाले, "मॅडम, बाहेर थांबता का जरा?"

वीस मिनिटांनी निर्णय कळला: ९ नोव्हेंबरला धाकटीने पुन्हा बोलावं, या वेळी सगळं. मगच ठरेल.

२ नोव्हेंबर, गुरुवार

मला वाटलं होतं ती आभार मानेल. निदान रडेल. या दोन्ही अपेक्षा इथे लिहून ठेवते, म्हणजे परत कधी केल्या तर लाज वाटेल.

ती आली ती दार लोटूनच. "मॅडम, तुम्ही मला न विचारता समितीकडे गेलात."

"तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी असतं तर एकोणीसला माझ्या खोलीत बोलला असतात. मी खुर्चीसुद्धा दिली होती."

मी म्हटलं, मला समजतंय, तुम्ही माझा मान राखायला गप्प बसलात, तुमचं मन किती मोठं आहे. ती अक्षरशः हसली. चांगलं हसू नव्हतं.

"मान कसला, मॅडम? माझी नोकरी होती. अभिप्राय तुम्ही लिहिणार होता. तुमचा लेमा खोटा आहे असं तुमच्याच सेमिनारमध्ये तुमच्यासमोर बोलायचं आणि मग तुमच्याच सहीची वाट बघायची? मी घाबरले होते. एवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "आणि अभिप्राय मी वाचलाय. ‘शंका विचारत नाहीत.’"

मी समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलून टेबलावर ठेवले.

"बसता का?" मी शेवटी म्हटलं.

"वर्ग आहे," ती म्हणाली आणि गेली. वर्ग खरोखरच होता, मी वेळापत्रक पाहिलं. असं पाहावंसं का वाटलं मला?

९ नोव्हेंबर, गुरुवार

सूचनेसाठी तिने शीर्षक पाठवलं होतं: "एका परिचित लेमाविषयी". मी फोन करून विचारलं, लेमा कोणाचा हे लिहू का? "ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. मी लिहिलं. टाइप करताना स्वतःच्या नावात दोनदा चूक झाली.

आज माणसं एकतीस. खुर्च्या शेजारच्या वर्गातून आणाव्या लागल्या. एखाद्याची चूक ऐकायला लोक येतात खरे. धाकटीने माझी सातवी ओळ फळ्यावर मधोमध लिहिली, जशीच्या तशी, आणि शांतपणे म्हणाली, "हे खोटं आहे." कोणाच्या तरी तोंडून "बापरे" निघालं. माझे कान तापले. पण तिचा आवाज या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

तज्ज्ञ पुन्हा प्रत्यक्ष आले होते. त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याची मला रात्रंदिवस धास्ती होती. "फक्त ही सिद्धता पडली, की सर्व रिंगांसाठीचं प्रमेयच खोटं?"

ती गप्प राहिली. पाच सेकंद. दहा. मी खुर्चीची कड धरून होते. तिला येत नसेल तर सगळं संपलं, आणि या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं, बोलायलाही काही नव्हतं, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं.

मग तिने उजवीकडचा कोरा फळा ओढून घेतला. "प्रमेयच खोटं आहे. दाखवते," ती म्हणाली. आणि दाखवलं. बारा ओळींत. मधे तज्ज्ञ एकदा "थांबा" म्हणाले. ती थांबली, उत्तर दिलं, पुढे गेली. मला नववी ओळ समजली नाही. मी हात वर करून तसं सांगितलं. तिने ती मला परत समजावली, विद्यार्थ्याला समजावतात तशी, उगाच मऊपणा न करता.

वेळ झाली हे आज मला कोणीतरी सांगावं लागलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

धाकटी कायम झाली. पत्र दुपारी निघालं. शिपायाने माझ्या खोलीत डोकावून सांगितलं, "झालं बरं का, थोरल्या मॅडम," जणू मी नवस बोलले होते.

माझ्याविषयी अजून काही ठरलेलं नाही. प्रमुख जिन्यात भेटले की फार सौजन्याने वागतात. मोठे सर दोन गुरुवार आले नाहीत. उद्या जाऊन येईन.

आज ज्या नियतकालिकात तो लेमा छापून आला होता त्यांना पत्र लिहायला बसले. तिसरा मसुदा चालू असताना धाकटी आली. आभार वगैरे नाहीच. पत्र कुठे आहे म्हणाली, संपादकांना तिचाही लेख जायचा आहे, दोन्हींत मेळ हवा. मी मसुदा दिला. समोरची खुर्ची ओढून ती बसली आणि पेन्सिल घेऊन वाचू लागली. मी माझ्याच खोलीत ताठ बसून होते, परीक्षेला बसावं तशी.

"ही तारीख ठीक. हेही ठीक." मग पेन्सिल थांबली. "इथे ‘लहानशी त्रुटी’ लिहिलंय."

"हो."

"लहान नाहीये ती, मॅडम."

मला वाटलं होतं की चार मिनिटांत फळ्यावर मावणाऱ्या चुकीला लहान म्हणायला हरकत नसावी. तिच्याशी वाद घालता आला असता. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, मान वर करून, आणि मला दिसलं की तिला आता घाई नव्हती आणि भीतीही नव्हती.

"खोडा," मी म्हटलं.

तिने खोडलं. मग कागद उलटून मागचं पान वाचायला घेतलं.